रक्ताची एक पिशवी आणि तिच्यातून तयार होणारी औषधे

मूळ लेख

रक्तपेढीच्या प्रयोगशाळेत काम करताना एक प्रसंग माझ्यासमोर पुन्हा पुन्हा येतो. नातेवाइकांच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी असते, तिच्यावर 'पॅक सेल दोन, एफएफपी चार' (तांबड्या पेशींच्या दोन पिशव्या आणि गोठवलेल्या प्लाझ्माच्या, म्हणजे रक्तातील पेशी वगळून उरणाऱ्या द्रवाच्या, चार) असे काहीतरी लिहिलेले असते आणि ते म्हणतात, "रक्त हवे आहे." मी पिवळसर द्रवाची पिशवी पुढे केली की त्यांच्या चेहऱ्यावर शंका उमटते आणि कित्येक जण विचारतातही, "पण हे तर रक्त दिसत नाही." ही शंका अगदी रास्त आहे. घाईच्या वेळी तिचे समाधान दोन वाक्यांत करावे लागते याची खंत वाटते, म्हणून हा धागा काढत आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की रुग्णाला 'रक्त' क्वचितच कमी पडलेले असते. त्याला रक्तातील एखादा घटक कमी पडलेला असतो. प्राणवायू वाहून नेणाऱ्या तांबड्या पेशी कमी असतील तर त्या द्याव्यात, रक्त गोठवणारी प्रथिने कमी असतील तर प्लाझ्मा द्यावा, प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवायला मदत करणाऱ्या बारीक पेशी, कमी असतील तर त्या द्याव्यात. जो घटक लागत नाही तो शरीरात घालणे म्हणजे हृदयावर विनाकारण भार टाकणे आणि प्रतिक्रियेचा धोका वाढवणे होय. शिवाय तोच घटक दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडू शकला असता.

दात्याकडून साधारण ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त घेतले जाते. ज्या पिशवीत ते उतरते तिला नळ्यांनी आणखी दोन-तीन रिकाम्या पिशव्या जोडलेल्या असतात आणि हा सगळा संच आतून निर्जंतुक व बंद असतो. १९५०च्या सुमारास प्लास्टिकच्या पिशव्या येण्यापूर्वी रक्त काचेच्या बाटल्यांत साठवत असत, आणि बाटली न उघडता त्यातून घटक वेगळे करणे जवळजवळ अशक्य होते. आज ही पिशवी सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे वेगाने गरगर फिरणाऱ्या यंत्रात, फिरवली की जड तांबड्या पेशी तळाशी बसतात, वर प्लाझ्मा राहतो आणि दोहोंच्या मध्ये पांढऱ्या पेशी व प्लेटलेट यांची एक फिकट, कागदाएवढी पातळ साय धरते. पिशवी उचलताना हात किंचित हलला तरी ही साय ढवळते आणि सगळे काम पुन्हा करावे लागते, म्हणून त्या क्षणी आम्ही एकमेकांशी बोलतसुद्धा नाही.

वेगळे केल्यानंतर प्रत्येक घटकाची तऱ्हा निराळी असते. तांबड्या पेशी २ ते ६ अंश सेल्सिअस तापमानात राहतात आणि त्यांना पोषक द्रावण मिळाले तर ४२ दिवस वापरता येतात. प्लेटलेटना गारवा सोसत नाही. थंडीत त्यांच्या पृष्ठभागाची रचना बदलते आणि रुग्णाच्या शरीरात गेल्यावर यकृत त्यांना झपाट्याने बाजूला काढते. त्यामुळे त्या २० ते २४ अंशांवर, सतत हलणाऱ्या यंत्रावर ठेवाव्या लागतात आणि साधारणपणे पाचच दिवस टिकतात. प्लाझ्मा मात्र काही तासांच्या आत गोठवावा लागतो, कारण त्यातील आठवा गोठण घटक (रक्ताची गुठळी होण्यासाठी लागणारे एक प्रथिन) नाजूक असतो आणि लवकर निकामी होतो. उणे १८ अंशांच्या खाली ठेवला तर हा प्लाझ्मा वर्षभर चालतो. एकाच माणसाच्या रक्तातील तीन घटकांना तीन वेगळी तापमाने लागतात, हे एवढे लक्षात घेतले तरी फ्रिजमधल्या पूर्ण रक्तात काही दिवसांनी तांबड्या पेशींखेरीज फारसे कामाचे का उरत नाही, हे उमगते.

प्लेटलेटची पिशवी देण्यापूर्वी आम्ही ती उजेडासमोर धरून हलकेच कलंडवतो. पेशी निरोगी, चपट्या असतील तर आतमध्ये रेशमी कापड हलावे तशा चमकदार लाटा दिसतात. पिशवीतील आम्लता वाढली असेल तर पेशी गोल होतात, लाटा नाहीशा होतात आणि द्रव नुसताच गढूळ दिसतो. अशी पिशवी आम्ही देत नाही.

प्रतिसाद १

लेख आवडला. एक प्रश्न मनात सलतो आहे, तो विचारते. माझ्या सासऱ्यांचे हिमोग्लोबिन शस्त्रक्रियेनंतर ७.८ झाले होते. आम्ही रक्तदाते तयार ठेवले होते, तरीही डॉक्टरांनी रक्त द्यायला नकार दिला आणि लोहाचे इंजेक्शन दिले. तेव्हा आम्हांला वाटले की हयगय होत आहे. ते बरे होऊन घरी आले हे खरे, पण त्या दोन रात्री आम्ही फार घाबरलेलो होतो.

प्रतिसाद २

मी अतिदक्षता विभागात काम करणारा डॉक्टर आहे, म्हणून ताईंना उत्तर देतो. सासऱ्यांना तपासलेले नसताना त्यांच्याविषयी मत देणे योग्य होणार नाही, पण अशा निर्णयामागे कोणता विचार असतो तो सांगता येईल.

हिमोग्लोबिन १० च्या खाली गेले की रक्त चढवायचे, असा संकेत अनेक दशके पाळला जात होता. १९९९ मध्ये कॅनडातील अतिदक्षता विभागांतील ८३८ रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात काही रुग्णांना हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावरच तांबड्या पेशी दिल्या गेल्या आणि बाकीच्यांना १० च्या खाली जाताच दिल्या गेल्या. कमी रक्त मिळालेल्या रुग्णांचे काहीही बिघडले नाही, उलट जे तुलनेने कमी आजारी होते त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण घटले. त्यानंतरच्या अनेक अभ्यासांतून हाच कल दिसत गेला. त्यामुळे ज्याचा रक्तस्राव थांबलेला आहे आणि प्रकृती स्थिर आहे अशा प्रौढ रुग्णासाठी ७ ही मर्यादा सर्वसाधारणपणे मानली जाते. हृदयविकार असेल किंवा मोठी हाडांची शस्त्रक्रिया झाली असेल तर ८ धरतात. आकडा एकटा कधीच पाहत नाहीत. धाप लागते का, छातीत दुखते का, नाडी जलद आहे का, हेही पाहतात.

तांबड्या पेशींची एक पिशवी प्रौढाचे हिमोग्लोबिन साधारण एकाने वाढवते. म्हणून स्थिर रुग्णाला एक पिशवी द्यावी, पुन्हा तपासावे आणि मगच दुसरीचा विचार करावा, अशी पद्धत आहे. लोहाच्या कमतरतेने झालेल्या पांडुरोगावर लोह हेच खरे औषध आहे. उशाशी बसलेल्या माणसाला न दिलेली पिशवी ही हयगय वाटते हे मी समजू शकतो, पण ती पिशवी न देण्याचा निर्णय बहुधा तितकाच विचारपूर्वक घेतलेला असतो. डॉक्टरांनी तो तुम्हांला समजावून सांगायला हवा होता, हे मात्र मान्य करतो.

प्रतिसाद ३

माझ्या मुलीला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे तिच्या शरीरात निरोगी तांबड्या पेशी पुरेशा तयार होत नाहीत. तिला दर तीन आठवड्यांनी तांबड्या पेशी द्याव्या लागतात, त्यामुळे वर सांगितलेली ७ ची मर्यादा तिच्यासारख्या मुलांना लागू नाही, हे इथे स्पष्ट करावेसे वाटते. या मुलांचे हिमोग्लोबिन पुढची पिशवी देण्याआधीही ९ ते १० च्या आसपास राखावे लागते. ते घसरू दिले तर शरीर स्वतःची सदोष रक्तनिर्मिती जोराने वाढवते आणि हाडे, विशेषतः चेहऱ्याची हाडे, रुंदावू लागतात.

ती लहान असताना पिशवी सुरू झाली की तासाभरात हुडहुडी भरून ताप येत असे. पांघरुणाखाली तिचे दात वाजत असत आणि मी तिचे पाय चोळत बसत असे. पुढे तिला श्वेतपेशीविरहित रक्त मिळू लागले आणि तो त्रास जवळजवळ थांबला. मुलीला नेमके काय द्यायला हवे हे आम्हांला पहिली दोन वर्षे कोणीही सांगितले नव्हते. हा धागा वाचणाऱ्या पालकांनी आपल्या डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारावे.

प्रतिसाद ४ (धागाकर्ता)

ताई, आपण हे लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभार. तो ताप मुख्यतः दात्याच्या पांढऱ्या पेशींमुळे येतो. साठवणीच्या काळात त्या पेशी ताप आणणारी द्रव्ये पिशवीत सोडत राहतात, म्हणून रक्त साठवण्यापूर्वीच विशेष गाळणीतून गाळणे जास्त फायद्याचे ठरते.

तांबड्या पेशींवर गरजेनुसार आणखीही संस्कार करतात. ज्यांना प्लाझ्मातील प्रथिनांची तीव्र ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी पेशी सलाईनने धुतात, मात्र अशी पिशवी २४ तासांतच वापरावी लागते. ज्यांची प्रतिकारशक्ती फार क्षीण आहे, उदाहरणार्थ अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेले रुग्ण, त्यांच्यासाठी पिशवीला किरणोत्सर्ग देतात, कारण दात्याच्या जिवंत लिम्फोसाइट पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) अशा शरीरात रुजल्या तर त्या रुग्णाच्याच अवयवांवर हल्ला करतात आणि तो आजार बहुतेक वेळा जीवघेणा ठरतो. गाळणीने हा धोका पुरेसा टळत नाही. रक्ताच्या नात्यातील व्यक्तीचे रक्त देतानाही किरणोत्सर्ग आवश्यक असतो. 'घरचेच रक्त सर्वांत सुरक्षित' या समजुतीमुळे ही गोष्ट पुष्कळांना आश्चर्याची वाटते.

थॅलेसेमियाच्या मुलांसाठी आणखी दोन बाबी महत्त्वाच्या आहेत. एका पिशवीबरोबर सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते आणि ते बाहेर टाकण्याची यंत्रणा शरीराकडे नाही, म्हणून लोह काढणारी औषधे नियमाने घ्यावीच लागतात. दुसरे असे की ए, बी, ओ आणि आरएच डी एवढेच न जुळवता आरएच गटातील इतर प्रतिजने (पेशींच्या पृष्ठभागावरील ओळखखुणा) आणि केल हा आणखी एक रक्तगट हेही जुळवणे हितावह असते, नाहीतर वर्षानुवर्षे रक्त घेताना प्रतिपिंडे, म्हणजे परक्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिने, तयार होतात आणि जुळणारी पिशवी मिळणे कठीण होत जाते.

प्रतिसाद ५

डेंग्यूमध्ये प्लेटलेट ३०,००० झाल्या की सगळे घर धावपळ करते. एसडीपी आणि आरडीपी यांत फरक काय असतो? प्लेटलेट नेमक्या कधी द्याव्या लागतात?

प्रतिसाद ६

(प्रतिसाद २ मीच लिहिला आहे.) आरडीपी म्हणजे एका दात्याच्या साध्या रक्तदानातून वेगळ्या केलेल्या प्लेटलेट, आणि प्रौढाला अशा चार ते सहा पिशव्या एकत्र द्याव्या लागतात. एसडीपी घेताना दात्याचे रक्त यंत्रातून फिरवून प्लेटलेट तेवढ्या काढून घेतात आणि बाकीचे रक्त त्याला परत देतात, त्यामुळे एकाच दात्याकडून पूर्ण मात्रा मिळते. परिणाम साधारण सारखाच असतो, परंतु एसडीपीमुळे रुग्णाचा संपर्क कमी दात्यांशी येतो.

रक्ताच्या कर्करोगावर केमोथेरपी चालू असताना, रक्तस्राव नसला तरी, १०,००० च्या खाली गेल्यास प्लेटलेट देतात. बहुतेक शस्त्रक्रियांसाठी ५०,००० पुरतात, तर मेंदूच्या किंवा डोळ्याच्या मागील भागाच्या शस्त्रक्रियेसाठी १,००,००० असाव्यात असे मानतात. डेंग्यूचे गणित वेगळे आहे. तिथे अस्थिमज्जा काही दिवसांत आपोआप सावरते आणि खरा धोका केशवाहिन्यांतून प्लाझ्मा झिरपण्याचा असतो. सिंगापूर आणि मलेशियात झालेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, २०,००० किंवा त्याहून कमी प्लेटलेट असलेल्या पण रक्तस्राव नसलेल्या प्रौढांना प्रतिबंध म्हणून प्लेटलेट देऊन रक्तस्राव कमी झाला नाही, उलट प्रतिक्रिया वाढल्या. रक्तस्राव होत असेल तर गोष्ट निराळी. डेंग्यूच्या रुग्णाजवळ बसलेल्यांनी प्लेटलेटच्या आकड्याइतकेच लक्ष लघवीचे प्रमाण, पोटदुखी, सततच्या उलट्या आणि हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे शेकडा प्रमाण) यांकडे द्यावे, अशी कळकळीची विनंती आहे.

प्रतिसाद ७

माझ्या थोरल्या भावाला हिमोफिलिया 'ए' होता, म्हणजे आठवा गोठण घटक जन्मतःच नव्हता. आमच्या घरात या उपचारांचा सगळा इतिहास घडला, म्हणून लिहितो.

त्याच्या लहानपणी गुडघ्यात रक्त साचले की प्लाझ्मा देत असत. पुरेसा घटक मिळावा म्हणून इतका प्लाझ्मा चढवावा लागे की त्याला श्वास घेणे जड जाई. १९६४ मध्ये अमेरिकेतील ज्युडिथ पूल यांनी दाखवून दिले की गोठवलेला प्लाझ्मा फ्रिजच्या तापमानाला सावकाश वितळवला तर तळाशी पांढरा साका उरतो आणि आठवा घटक त्यात एकवटलेला असतो. तेच क्रायोप्रेसिपिटेट. ते आमच्यापर्यंत पोहोचले तेव्हा बाटल्यांचे काम काही मिलिलिटरच्या पिशव्यांवर आले. त्यानंतर हजारो दात्यांचा प्लाझ्मा एकत्र करून केलेली भुकटी आली. ती घरच्या फ्रिजमध्ये ठेवता येत असे आणि भाऊ स्वतःच शिरेत टोचून घेत असे. त्या सोयीची किंमत नंतर कळली. हजारोंपैकी एका दात्याला संसर्ग असला तरी तो साऱ्या साठ्यात उतरत होता. १९८०च्या दशकात जगभरातील असंख्य हिमोफिलिया रुग्णांना याच मार्गाने एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी झाला. भावाला हिपॅटायटिस सी झाला होता. पुढे उष्णता आणि रासायनिक प्रक्रियांनी विषाणू नष्ट करण्याच्या पद्धती आल्या आणि १९९२ मध्ये मानवी रक्ताशिवाय, जनुकीय तंत्राने बनवलेला आठवा घटक वापरात आला. आज त्याच आजाराची मुले मैदानावर खेळताना दिसतात तेव्हा भाऊ आठवतो.

प्रतिसाद ८ (धागाकर्ता)

दादा, आपण लिहिलेले वाचून बराच वेळ काही सुचले नाही. क्रायोची पुढची हकीकत सांगतो. हिमोफिलियासाठी त्याची गरज आता जिथे घटक उपलब्ध नाही तिथेच उरली आहे, पण त्यात फायब्रिनोजेन हे गुठळी बांधणारे प्रथिनही भरपूर असते. प्रसूतीनंतरच्या तीव्र रक्तस्रावात फायब्रिनोजेन सर्वांत आधी घसरते. ते प्रति लिटर २ ग्रॅमच्या खाली गेले की क्रायो मागवले जाते आणि अशा वेळी आमच्याकडे फोन खणखणत असतो.

प्लाझ्मापासून कारखान्यांत बनणारी औषधे हा मोठाच विषय आहे. अमेरिकी शास्त्रज्ञ एडविन कोन यांनी १९४० च्या सुमारास थंड अल्कोहोलच्या साहाय्याने प्लाझ्मातील प्रथिने एकामागून एक वेगळी करण्याची पद्धत बसवली. त्यातून मिळणारे अल्ब्युमिन ६० अंशांवर दहा तास तापवून निर्धोक करतात. यकृताच्या सिरोसिसमध्ये पोटातून पाच लिटरहून अधिक पाणी काढल्यावर ते आवश्यक असते. 'अशक्तपणा आहे, अल्ब्युमिन कमी आहे, म्हणून बाटली लावा' हा मात्र त्याचा उपयोग नव्हे, कारण ते पोषण नाही.

इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे हजारो दात्यांची एकत्रित प्रतिपिंडे. जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांना ते आयुष्यभर लागते. गिलाँ-बारे आजारात पाय लुळे पडू लागतात तेव्हा, तसेच कावासाकी आजारात हृदयाच्या धमन्या वाचवण्यासाठीही ते देतात. धनुर्वात, रेबीज आणि हिपॅटायटिस बी यांसाठी त्या त्या रोगाची प्रतिपिंडे असलेले वेगळे इम्युनोग्लोब्युलिन असते. श्वानदंशाच्या खोल जखमेत ते जखमेच्या आत व कडेने टोचतात आणि लस वेगळ्या जागी देतात.

अँटी-डी मला सर्वांत हृद्य वाटते. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर प्रसूतीनंतर ७२ तासांत हे इंजेक्शन देतात आणि गरोदरपणी २८व्या आठवड्याच्या सुमारासही देतात. त्यामुळे आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडे तयार होत नाहीत आणि पुढच्या बाळाचा घात टळतो. ऑस्ट्रेलियातील जेम्स हॅरिसन यांच्या प्लाझ्मात ही प्रतिपिंडे विपुल होती. चौदाव्या वर्षी छातीच्या शस्त्रक्रियेत त्यांना इतरांच्या रक्ताने जीवदान मिळाले होते. अठरा वर्षांचे झाल्यावर त्यांनी दान सुरू केले आणि २०१८ पर्यंत, वयाची ८१ वर्षे पूर्ण होईपर्यंत, १,१७३ वेळा केले.

प्रतिसाद ९

ओ निगेटिव्ह कोणालाही चालते असे ऐकले आहे. मग ओ गटाचा प्लाझ्माही कोणालाही चालतो का?

प्रतिसाद १० (धागाकर्ता)

नाही, प्लाझ्माच्या बाबतीत गणित उलटे होते. ओ गटाच्या तांबड्या पेशींवर ए किंवा बी प्रतिजन नसते म्हणून त्या सर्वांना चालतात, पण ओ गटाच्या प्लाझ्मात ए आणि बी या दोहोंविरुद्ध प्रतिपिंडे असतात. प्लाझ्मासाठी सर्वांना चालणारा गट एबी आहे. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये रक्तगट मांडले ते मुळात एकाचा द्रव आणि दुसऱ्याच्या पेशी मिसळून, गुठळ्या कुठे होतात हे पाहूनच.

प्रतिसाद ११

मी परिचारिका आहे. पिशवी रुग्णाच्या खाटेशी पोहोचल्यावर काय व्हायला हवे, तेवढे लिहिते. गट न जुळणारे रक्त दिले जाण्यामागे प्रयोगशाळेतील चुकीपेक्षा ओळख पटवण्यातील चूक अधिक वेळा असते. म्हणून आम्ही दोघी मिळून रुग्णाला त्याचे नाव स्वतःच्या तोंडाने सांगायला लावतो आणि ते मनगटपट्टी व पिशवीवरील चिठ्ठी यांच्याशी पडताळतो. 'तुम्ही अमुकच ना?' असे विचारले तर गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो. पहिली पंधरा मिनिटे मी खाटेजवळून हलत नाही. कंबर दुखणे, छातीवर दडपण, हुडहुडी, गडद लघवी किंवा 'काहीतरी विपरीत होते आहे' अशी रुग्णाची नुसती भावना, यांपैकी काहीही जाणवले तर पिशवी ताबडतोब बंद करतो, शीर सलाईनने चालू ठेवतो आणि डॉक्टरांना बोलावतो. नातेवाइकांनीही हे आम्हांला लगेच सांगावे. रक्ताच्या नळीतून साध्या सलाईनखेरीज दुसरे काही जाऊ देत नाही, आणि तांबड्या पेशींची पिशवी चार तासांत संपायलाच हवी.

प्रतिसाद १२

परवा आमच्या रुग्णासाठी मागवलेला प्लाझ्मा शस्त्रक्रियेत लागलाच नाही. तो परत न्यायला गेलो तर घेतला नाही. पुन्हा गोठवता येत नाही का?

प्रतिसाद १३ (धागाकर्ता)

येत नाही. ३७ अंशांच्या पाण्यात एकदा वितळलेल्या प्लाझ्मातील नाजूक घटक पुन्हा गोठवून शाबूत राहत नाहीत. फ्रिजमध्ये तो साधारण २४ तासच ठेवता येतो, आणि बाहेर गेलेली पिशवी किती वेळ उबेत राहिली हे आम्हांला तपासता येत नाही. म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळी प्लाझ्मा राखून ठेवायला सांगावे, पण नक्की लागणार असे डॉक्टरांनी कळवल्यावरच तो वितळवायला सांगावे. वितळायला अर्धा तास पुरतो.